पत्री, पोथी आणि पानाची पारख

भाद्रपद उजाडला की चाकूरच्या घराघरांतून एकवीस पत्रींची शोधाशोध सुरू होते. दूर्वा, आघाडा, माका, रुई बांधावर सापडतात. पुढची काही नावे मात्र पोथीतच राहतात. तालुक्यातच वडवळ नागनाथजवळची टेकडी दुर्मीळ औषधी वनस्पतींसाठी ख्यात आहे, हे आपले भाग्य.

अशाच एका घरी पत्री निवडताना झालेला वाद कानी पडला. “तुळस रात्रंदिवस प्राणवायू देते, म्हणून तर पूर्वजांनी ती दारी लावली,” असे आजी म्हणाल्या. अकरावीत विज्ञान शिकणारा नातू म्हणाला, “आजी, झाडं उजेडातच प्राणवायू सोडतात. रात्री तुळसही आपल्यासारखीच तो घेते.” मुलाचे म्हणणे बरोबर होते, पण आजींचा चेहरा उतरला. नातवाने वृंदावनालाच धक्का दिला, असे त्यांना वाटले.

हा पेच केवळ आपल्याच घरचा नव्हे. बायबलला ईश्वरी वचन मानणाऱ्या ख्रिस्ती माणसापुढेही तो आहे. त्यांच्या ‘उत्पत्ती’ ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात वनस्पती तिसऱ्या दिवशी निर्माण होतात आणि सूर्य चौथ्या! मग ज्याने आयुष्यभर पानेफुलेच अभ्यासली, त्या श्रद्धावंताने काय करावे?

असे अभ्यासक आपल्या भाषेच्या आणि डोंगरांच्या अगदी जवळ होऊन गेले. विल्यम कॅरी यांनी वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने मराठी शिकून १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण व १८१० मध्ये कोश छापला, बायबलचा ‘नवा करार’ मराठीत आणला. त्याच कॅरींनी रॉक्सबर्ग यांचा भारतीय वनस्पतींवरील महाग्रंथ संपादून प्रसिद्ध केला. सह्याद्रीतील कुंभा वृक्षाचे ‘कॅरेया’ हे शास्त्रीय नाव त्यांच्यावरूनच पडले.

दुसरे फादर हर्मेनेगिल्ड सांतापाऊ. स्पेनमधून १९२८ साली आलेले हे येशूसंघी धर्मगुरू मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवीत. खंडाळ्याच्या वनस्पतींवरील त्यांचा ग्रंथ १९५३ मध्ये निघाला. पुढे ते भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे संचालक झाले आणि १९६७ मध्ये पद्मश्रीचे मानकरी. घाटावरची कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते आणि मरते. अशा झाडाची हकिगत कोणत्याही धर्मग्रंथात पाहून लिहिता येत नाही; पावसापाण्यात, वर्षामागून वर्षे त्याच उतारावर जाऊन पाहावे लागते.

त्यांच्या धर्मपरंपरेत यासाठी जुनी वाट होती. पाचव्या शतकाच्या आरंभी संत ऑगस्टीन यांनी ‘उत्पत्ती’वर भाष्य करताना विचारले होते की, सूर्यापूर्वीचे दिवस आपल्या दिवसांसारखे कसे असतील? आकाश व पृथ्वीविषयी अनुभवाने सिद्ध झालेल्या गोष्टी धर्मग्रंथाच्या नावाने नाकारल्या तर ग्रंथाचेच हसे होते, असा इशाराही त्यांनी दिला. चर्चने तो नेहमीच पाळला, असे मात्र नाही. गॅलिलिओला १६३३ मध्ये शिक्षा झाली आणि त्या प्रकरणातील चूक पोपने जाहीरपणे मान्य केली ती १९९२ मध्ये. सहा दिवस म्हणजे घड्याळाचेच सहा दिवस, असे मानणारे ख्रिस्ती पंथ आजही आहेत.

आपण तरी वेगळे काय करतो? पुराणात विमान सापडले की आपली छाती फुगते, आणि पूजेला प्रयोगशाळेचा दाखला जोडल्यावाचून चैन पडत नाही. तुळशीपुढे दिवा लावणाऱ्या पिढ्यांना झाडे प्राणवायू सोडतात हे ठाऊकही नव्हते. त्यांचा दिवा त्यावाचून अडला नाही.

त्या घरी वाद तेवढ्यावरच थांबला. संध्याकाळी आजींनी वृंदावनाशी नेहमीप्रमाणे निरांजन लावले. नातू ओसरीवर परडी घेऊन बसला होता. शमी म्हणून आणलेली एक डहाळी शमीची नव्हेच, असे म्हणून त्याने ती बाजूला काढली. आजींनी चष्मा लावून पाने निरखली आणि म्हणाल्या, “खरंच की. जा, दुसरी आण.”