जुनी चॅसी, क्रॉस मेंबर घेताय? नजरेने नको, नंबराने आणि टेपने जुळवा



१ जून ते ३१ जुलै ही बंदी म्हणजे आपल्याकडे दुरुस्तीचे दिवस. जाळी, इंजिन झालं की मासळीचा टेम्पो, पिकअपही गॅरेजला लागतो. या गाड्यांखाली वर्षभर मासळीचं आणि बर्फाचं खारं पाणी गळत असतं. वरून पत्रा धड दिसतो, पण चॅसी, क्रॉस मेंबर, कमानपाट्यांचे ब्रॅकेट गंजून गेलेले असतात. नवा भाग महाग, म्हणून बरेच जण बेळगाव, हुबळी, कोल्हापूरकडच्या भंगारातून जुना आणतात.

जुना भाग घेऊ नये असं आम्ही म्हणत नाही. दरवाजा किंवा बोनेट नीट बसलं नाही तर फार तर खडखडेल. पण चॅसी आणि तिला धरून असलेले भाग म्हणजे होडीचा कणा. मासळी भरून रात्री चोर्ला घाट चढणारी गाडी त्यावरच उभी असते, आणि केबिनमध्ये आपलीच पोरं बसलेली असतात.

आमच्या एका सभासदाने असाच एक क्रॉस मेंबर आणला. गाडीचं नाव तेच, आकारही तसाच. बसवताना बोल्टाची भोकं अर्ध्या इंचाने चुकली. वेल्डर म्हणाला, "गॅसने भोक वाढवतो, काम होऊन जाईल." सभासदाने ऐकलं नाही, भाग परत नेला. जाण्या-येण्याचा खर्च गेला, पण गाडी वाचली. गॅसच्या आचेने पोलाद कमजोर होतं आणि वाढवलेल्या भोकात बोल्ट हलत राहतो. तडा तिथूनच सुरू होतो.

म्हणून पैसे देण्याआधी एवढं बघा.

१. नंबर. आपल्या गाडीचा चॅसी नंबर १७ अक्षरांचा असतो. तो आरसीवरून नाही, गाडीवरून वाचून घ्या. त्यात इंग्रजी आय, ओ, क्यू ही अक्षरं नसतात, त्यामुळे गोल दिसलं तर ते शून्य समजा. हा नंबर कंपनीच्या पार्ट काउंटरवर दिला की आपल्या गाडीला कोणता पार्ट नंबर लागतो ते कळतं. भंगारातल्या भागावर तोच नंबर आहे का ते पाहा. नंबर पुसलेला असेल तर तो कोणत्या गाडीचा, कोणत्या सालचा, ते विचारा.

२. साल. नाव एक असलं तरी गाडी एक नसते. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, तेव्हा सायलेन्सरची मांडणी बदलली आणि काही ठिकाणी ब्रॅकेटही बदलले. व्हीलबेस, पुढचं सस्पेन्शन, डावी-उजवी बाजू हेही जुळायला हवं. ओम्नी, ईकोसारख्या व्हॅनला वेगळी चॅसी नसते, बॉडीच सगळा भार घेते. तिचा कापलेला तुकडा जोडणं हे साध्या वेल्डरचं काम नाही.

३. माप. आपला जुना भाग सोबत न्या, नाहीतर भोकांची मध्यापासून मध्यापर्यंतची मापं लिहून न्या. पूर्ण फ्रेम असेल तर समोरासमोरच्या भोकांमध्ये आडवी-तिडवी दोन्ही मापं घ्या. दोन्ही सारखी नसतील तर फ्रेम वाकलेली आहे. अपघाताच्या गाडीची फ्रेम रंग मारून सरळ दिसते, टेपला मात्र सापडते.

४. गंज आणि जोड. हातोडीने ठोकून बघा. खणखणीत वाजलं तर बरं, बद्द आवाज आला तर आत गंज आहे. लोहचुंबक फिरवा, जिथे चिकटत नाही तिथे पुट्टी भरलेली असते. नवा वेल्ड, जादा पट्टी, चॅसीच्या वरच्या-खालच्या काठाला पाडलेलं भोक दिसलं तर सोडून द्या.

५. कागद. बिलावर ज्या गाडीचा भाग आहे तिचा नंबर लिहून घ्या आणि एमपरिवहनवर तपासा. चॅसी नंबर घासलेली फ्रेम फुकट मिळाली तरी नको, चोरीचा माल घेतल्याचं बालंट अंगावर येईल. पूर्ण चॅसी बदलायची तर आधी आरटीओला विचारा. मोटर वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरचा तपशील बदलेल असा फेरफार परस्पर करता येत नाही. तसं केलं तर विम्याचा दावाही अडकू शकतो.

या पाचांतलं एक जरी जुळलं नाही तरी भाग घेऊ नका. "बसवून देतो" म्हणणारा घाटात आपल्यासोबत नसतो.

ज्यांना बंदीच्या काळात असं काम काढायचं आहे, त्यांनी बयाणा देण्याआधी आरसीची प्रत, चॅसी नंबर आणि भागाचा फोटो घेऊन कार्यालयात यावं. पार्ट नंबर काढायला आम्ही मदत करू. एकाच मॉडेलच्या गाड्या जास्त निघाल्या तर नव्या भागाचा एकत्र भावही विचारता येईल.