पवनेच्या वाटेवर सायकल

सायकल हे मूळचे गिरणी-कारखान्याला जाणाऱ्यांचे वाहन. आता ती हौशी मंडळींची झाली, म्हणून आपला हक्क काही सुटत नाही! पुणे-लोणावळा मार्गावरच्या कामशेतपासून पवनानगरचा रस्ता एकदा जरूर धरावा. पावसाळ्यात दोन्ही बाजूंना हिरवीगार भातखाचरे. चढउतार आहेत, पण साधी सायकलही चालते. चढाला खाली उतरावे, त्यात लाज कसली?

वाटेत बेडसे लेणी. सायकलला खाली कुलूप लावून पायऱ्या चढाव्यात. लेणी पूर्वाभिमुख आहेत, म्हणून सकाळीच पोहोचावे. चैत्यगृहाच्या खांबांवर हत्ती-घोड्यांवर बसलेली स्त्री-पुरुषांची जोडपी आहेत. शेजारचा विहार नेहमीसारखा चौकोनी नाही, मागून गोलाकार आहे. मुलांना तो मुद्दाम दाखवावा.

पुढे पवनेचा जलाशय. डोळे निवतात. हेच पाणी पिंपरी-चिंचवडच्या कामगार वस्त्यांच्या नळाला येते. ते बंद जलवाहिनीतून नेण्याच्या योजनेविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजी मावळचे शेतकरी कामशेतजवळच्या बऊर येथे एक्सप्रेसवेवर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात तिघे ठार झाले. त्यांत एक महिला होती.

काठावरचे तंबूवाले हे सांगणार नाहीत. गावातल्या टपरीवर चहा घ्यावा आणि धरणात जमीन गेलेल्या एखाद्या आजोबांना विचारावे.