अवटु ग्रंथीतील एका अर्बुदाचे कुलवृत्त

गळ्याच्या पुढील बाजूस, स्वरयंत्राच्या खाली, श्वासनलिकेला बिलगून फुलपाखराच्या आकाराची एक लहानशी ग्रंथी असते. तिला अवटु ग्रंथी अथवा थायरॉईड म्हणतात. या ग्रंथीत होणाऱ्या बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात, हे आरंभीच सांगून ठेवतो. थोड्या गाठी कर्करोगाच्या निघतात आणि त्यांपैकी बहुतेकांवर आज चांगले उपाय आहेत. आज विचार करावयाचा आहे तो या थोड्यांतील एका दुर्मिळ प्रकाराचा. त्याचे नाव मेड्युलरी कर्करोग. अवटु ग्रंथीच्या शंभर कर्करोगांत असे पाचही भरत नाहीत. पण तो वेळीच ओळखला न गेल्यास त्याची झळ रोग्याबरोबर त्याच्या मुलाबाळांनाही लागू शकते.

या ग्रंथीत मुख्यतः दोन कुळांच्या पेशी नांदतात. पहिल्या कुळातील पेशी लहान लहान गोल पिशव्यांच्या भिंती बनवतात, रक्तातील आयोडिन शोषून घेतात आणि त्यापासून अवटु ग्रंथीचा अंतःस्राव सिद्ध करतात. या पिशव्यांच्या आसऱ्याने काही मोजक्या निराळ्या पेशी विखुरलेल्या असतात. त्यांना सी पेशी म्हणतात. आयोडिनाशी त्यांचे काही देणेघेणे नाही. त्या कॅल्सिटोनिन नावाचा दुसराच अंतःस्राव तयार करतात.

१९५९ साली अमेरिकेतील हॅझर्ड, हॉक आणि क्राईल यांनी या अर्बुदाचे वेगळेपण स्पष्टपणे मांडले. १९६६ साली विल्यम्स यांनी ते सी पेशींपासून उद्भवत असावे, असे प्रतिपादन केले आणि पुढील संशोधनाने ते खरे ठरले.

सूक्ष्मदर्शकाखाली या अर्बुदात पिशव्यांची रचना सहसा दिसत नाही. पेशींचे भरीव पुंजके दिसतात. पुष्कळदा त्यांच्यामध्ये ॲमिलॉईड नावाचा फिकट गुलाबी पदार्थ साचलेला असतो. काँगो रेड हे रंजक लावून ध्रुवित प्रकाशात पाहिले असता तो हिरव्या सफरचंदाच्या रंगाने चमकतो. तथापि हे अर्बुद बहुरूपी आहे. ते अनेक वेगळ्या अर्बुदांचे सोंग घेते आणि सुईने काढलेल्या थोड्या पेशींवरून कधी कधी चकवतेही. म्हणून विकृतिशास्त्रज्ञ केवळ रूपावर विसंबत नाही. प्रतिपिंडांच्या साहाय्याने तो पेशीतील द्रव्येच तपासतो. कॅल्सिटोनिन सापडले आणि पहिल्या कुळाची खूण असलेले थायरोग्लोब्युलिन सापडले नाही, म्हणजे निदान बळकट होते. रोग्याच्या रक्तातील कॅल्सिटोनिनचे वाढलेले प्रमाणही त्याला दुजोरा देते.

कोणी विचारील, कर्करोग तो कर्करोग. त्याच्या कुळाची एवढी चिकित्सा कशासाठी? याचे उत्तर उपचारात आहे. पहिल्या कुळातील पेशींचे बहुतेक कर्करोग आयोडिन शोषतात. म्हणून शस्त्रक्रियेनंतर उरलेल्या पेशी किरणोत्सर्गी आयोडिनाने नष्ट करता येतात. सी पेशी आयोडिन घेतच नाहीत. त्यांच्या अर्बुदावर हा उपाय व्यर्थ होय. तेथे पहिलीच शस्त्रक्रिया पूर्ण आणि काटेकोर व्हावी लागते. सर्वसाधारणपणे संपूर्ण ग्रंथी आणि तिच्या लगतच्या लसीका ग्रंथी काढाव्या लागतात. पुढे रक्तातील कॅल्सिटोनिन मोजून रोगावर नजर ठेवतात.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. अशा रोग्यांपैकी सुमारे एक चतुर्थांशांत हा विकार आनुवंशिक असतो. त्याच्या मुळाशी दहाव्या गुणसूत्रावरील रेट या जनुकातील दोष असतो, हे १९९३ साली उघड झाले. दोष असलेल्या आईकडून अथवा वडिलांकडून तो प्रत्येक अपत्यात येण्याची शक्यता निम्मी असते. अशा काही कुटुंबांत मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथीतही अर्बुद होते. या दोहोंचा संबंध सिपल यांनी १९६१ साली दाखवून दिला होता. ते अर्बुद लक्षात न घेता गळ्याची शस्त्रक्रिया केली, तर भूल दिली असताना रक्तदाब एकाएकी भडकून प्राणावर बेतू शकते. म्हणून त्याचा शोध आधी घ्यावा लागतो आणि ते सापडल्यास प्रथम काढावे लागते.

यास्तव मेड्युलरी कर्करोगाच्या प्रत्येक रोग्याची जनुकतपासणी करावी, मग घराण्यात पूर्वी कोणाला हा रोग झालेला असो वा नसो. दोष सापडला, तर जवळच्या रक्ताच्या नातेवाइकांचीही तपासणी करतात. ज्या मुलात तो उतरला असेल, त्याची अवटु ग्रंथी योग्य वयात, कर्करोग उद्भवण्यापूर्वीच काढता येते. त्याला पुढे या ग्रंथीच्या अंतःस्रावाची गोळी रोज घ्यावी लागते. ज्यात तो उतरला नसेल, ते मूल या वारशाच्या भयातून मुक्त होते.

तेव्हा आपल्या घरात कोणाची अवटु ग्रंथीच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झाली असेल, तर तो कोणत्या प्रकारचा होता, हे डॉक्टरांना अवश्य विचारावे आणि विकृतिचिकित्सेचा अहवाल जपून ठेवावा. घरातील एखाद्या लहान मुलाचे आयुष्य त्या कागदावरील एका शब्दावर अवलंबून असू शकते.