आपलंही नाव घेऊ या



हळदीकुंकू असो, बारसं असो की डोहाळजेवण, चार बायका जमल्या की कुणीतरी म्हणतंच, "नाव घ्या हो!" मग आपण लाजत, हसत उखाणा घेतो. पण त्यात नाव कुणाचं असतं? मालकांचं. आपलं स्वतःचं नाव घ्यायची वेळ आपल्यावर फारशी येतच नाही. आज त्या नावाबद्दल बोलू या.

नवीन गट बांधायला गेलो की आम्ही पहिल्या बैठकीत हजेरीपुस्तक उघडतो आणि एकेकीला नाव विचारतो. एक म्हणते, "गणेशची आई." दुसरी म्हणते, "पाटलांची धाकली सून लिहा." तिसरीचं नाव शेजारीणच सांगून टाकते. एखादी जरा थांबते आणि विचारते, "माहेरचं सांगू का सासरचं?" पूर्वी आम्हाला याचं हसू यायचं. आता येत नाही. कारण आमचं तरी काय वेगळं आहे? गावात आम्ही "गटाच्या मॅडम", घरी गेलो की कुणाची तरी आई, कुणाची तरी वहिनी.

एका दिवसात आपण किती जणी होतो ते मोजून बघा. पहाटे सून, शाळेच्या दारात आई, रानात भांगलणीला मजूर, दुपारी गटाची सचिव, संध्याकाळी जाऊ. आणि माहेरी गेलं की पुन्हा लेक. प्रत्येक ठिकाणी आपलं बोलणं वेगळं, बसणं वेगळं. सासऱ्यांसमोर आवाज खाली येतो. गटात हिशेब चुकला तर तोच आवाज चढतो. माहेरच्या ओट्यावर आपण पाय पसरून बसतो. यात ढोंग काही नाही. याला भूमिका म्हणतात आणि भूमिका सगळेच वठवतात. रानात गड्यावर ओरडणारा बाप्या बँकेत साहेबापुढे हात जोडून उभा राहतोच की. पण फरक एवढाच, की भूमिका बदलली म्हणून त्याचं नाव बदलत नाही. आपल्या भूमिका मात्र नावाच्या जागीच येऊन बसतात.

मग बिघडलं कुठे? आपल्या बऱ्याचशा भूमिका दुसऱ्याच्या नात्यावर उभ्या असतात. तो माणूस गेला की भूमिकाही जाते. नवरा वारला की काल ओटी भरायला पुढे असणारी बाई आज मागे उभी राहते. बाई तीच, तिचे हात तेच. २०२२ साली मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला, की विधवेचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं या प्रथा गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही हेरवाडचा आदर्श घ्यायला सांगितलं. ठराव झाला म्हणून गावाचं मन एका दिवसात बदलत नाही, हे आपल्याला माहीत आहे. पण बाई ही कुणाची तरी बायको असण्याआधी एक माणूस आहे, हे एका गावाने लिहून ठेवलं.

कधी उलटंही होतं. भूमिका आपली असते आणि वठवतो दुसराच. आज आपल्या राज्यात ग्रामपंचायतीच्या निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत. पण खुर्चीवर ताई आणि फोनवर "सरपंच बोलतोय" म्हणणारे मालक, हे आपण पाहतोच. गटातही असं होतं. अध्यक्ष ताई, पण बँकेत बोलणार तिचा मुलगा. अशा वेळी आम्ही सांगतो, अडखळलं तरी चालेल, पण तुम्हीच बोला. पहिल्यांदा स्लिप भरताना हात थरथरलेली ताई वर्षभरात दुसरीला स्लिप भरायला शिकवते, हे आम्ही पाहिलंय. भूमिका नीट पेलली तर तिच्यातून ओळख तयार होते, ती अशी.

आता कागदाचं बोलू. एका ताईंच्या शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव. लग्नात तांदळावर नवीन नाव लिहिलं, आधारवर तेच लागलं. पण घरात हाक जुन्याच नावाने, म्हणून पासबुकावर जुनं नाव आणि नवं आडनाव. बाई एक, पण कागदावर तीन बाया! मालक अचानक गेले. विम्याचे पैसे ताईंनाच मिळायचे होते, पण नाव जुळेना. दुःखाचे दिवस, आणि ताई तालुक्याला खेपा घालतायत. कशासाठी? तर "मीच ती" हे सांगण्यासाठी. "गणेशची आई" म्हणून अख्खा गाव त्यांना ओळखत होता. कचेरीत त्या ओळखीचा काही उपयोग झाला नाही.

म्हणून काही गोष्टी ध्यानात ठेवा. लग्नानंतर नाव किंवा आडनाव बदललंच पाहिजे असा कुठलाही कायदा नाही. बदलायचं की ठेवायचं, हे बाईने ठरवायचं. बदललं तर सगळ्या कागदांवर एकसारखं करून घ्या. लग्नाची नोंद ग्रामपंचायतीत करता येते. माहेरची आणि सासरची बाई एकच, हे सांगायला तो दाखला उपयोगी पडतो. स्वतःचं नावच बदललं असेल तर शासनाच्या राजपत्रात तशी नोंद करून घेता येते.

आणखी एक. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांसाठी राज्य सरकारने नवा नियम केलाय. सरकारी कागदपत्रांत आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव. आपण "गणेशची आई" होतोच. आता गणेशच्या नावातही आई आली. लेकी-सुनांच्या बाळांची नोंद करताना हे तपासून घ्या.

आणि जमीन. पेरणीपासून मळणीपर्यंत रानात राबतो आपण, पण सातबाऱ्यावर नाव नसेल तर कागदाच्या लेखी आपण शेतकरी नाही. पीककर्ज आणि पीएम किसानचे पैसे ज्याचं नाव त्याला. हे दुखणं जुनं आहे. १९८६ साली नाशिक जिल्ह्यात चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं. पुढे शरद जोशींच्या लक्ष्मीमुक्ती कार्यक्रमात कितीतरी शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करून दिला. भांडून नाही, राजीखुशीने. आपल्या घरातही हा विषय काढता येतो. निदान घराच्या उताऱ्यावर, म्हणजे नमुना आठवर, दोघांचं नाव लावायला सुरुवात करा.

आम्ही असं म्हणत नाही, की आई, सून, वहिनी म्हणवून घेऊ नका. त्या नात्यांत माया आहे आणि हक्काची हाकही आहे. पण नातं हे नावाला जोडून यावं, नाव पुसून येऊ नये.

तर पुढच्या बैठकीत दोन कामं करा. हजेरी घेताना प्रत्येकीने उभं राहून आपलं पूर्ण नाव मोठ्याने सांगायचं, शेजारणीने नाही. आणि येताना आधार, पासबुक आणि शाळेचा दाखला पिशवीत घेऊन यायचं. तिन्हींवरची नावं जुळतात का, एकमेकींची तपासून बघा. जुळत नसतील तर त्याच दिवशी वहीत लिहून ठेवा आणि दोघी-तिघी मिळून दुरुस्तीला जा. गरज पडल्यावर धावपळ करण्यापेक्षा हे बरं.

आणि संक्रांतीला उखाणा घ्याल तेव्हा मालकांच्या नावाबरोबर आपलंही नाव गुंफून बघा. यमक नाही जुळलं तरी चालेल.