ताक कळकते म्हणजे काय होते?

पितळेच्या भांड्यात ताक ठेवू नये, ते कळकते, हे मराठी घरात कुणाला मुद्दाम शिकवावे लागत नाही. ज्या घरांतून पितळेची भांडी केव्हाच गेली, तिथेही हा शब्द टिकून आहे. 'कळकणे' या एका क्रियापदात धातूंच्या रसायनशास्त्राचा बराच मोठा भाग सामावलेला आहे आणि तो मुलांसमोर उलगडण्यासाठी प्रयोगशाळेची गरज नाही. काळवंडलेले जुने ताम्हण, तीन-चार लिंबे, मीठ, तांब्याची तार आणि लोखंडी खिळा एवढे सामान पुरते. नाशिकमध्ये तर ते शोधायलाही नको. तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी हे गाव पूर्वीपासून नावाजलेले आहे.

सुरुवात प्रश्नाने करावी. चिंचेने ताम्हण का उजळते? 'घासल्यामुळे' असे उत्तर हमखास येते. ते चूक म्हणून बाजूला सारू नये, कारण ते एक चांगले अनुमान आहे आणि तपासून पाहता येते. न घासता काय होते ते पाहायचे. ताम्हणाच्या काळवंडलेल्या भागावर वेगवेगळ्या ठिकाणी एकेक थेंब ठेवावा: साधे पाणी, मिठाचे पाणी, साबणाचे पाणी, नुसता लिंबाचा रस, मीठ विरघळवलेला लिंबाचा रस, ताक. कोणता थेंब कुठे ठेवला याचा नकाशा वहीत काढून ठेवावा, नाहीतर पाच मिनिटांनी वर्गात वाद सुरू होतात. मग ओल्या कापडाने सगळे एकदम टिपून घ्यावे.

पाणी, साबण आणि मिठाचे पाणी यांच्या जागी काही फरक दिसत नाही. लिंबाच्या जागी डाग उजळतो आणि लिंबू-मिठाच्या जागी तर लखलखीत ठिपका दिसतो. म्हणजे घासणे मदत करते, पण ते मुख्य कारण नाही. एखादे मूल म्हणेल की मिठाचे खडे खरखरीत असतात म्हणून फरक पडला. आपण मीठ आधीच विरघळवले होते, हे त्याचे उत्तर. तरीही त्याचे समाधान झाले नाही, तर त्याला मिठाऐवजी साखर घालून पाहू द्यावे. साखरेचे खडेही खरखरीतच असतात.

आता उलगडा. तांब्यावरचा काळपट थर मुख्यतः तांब्याच्या ऑक्साइडांचा असतो. हवेतला ऑक्सिजन आणि तांबे यांच्या संयोगाने तो बनतो. आम्लात हा थर विरघळतो, आतले तांबे मात्र सहजासहजी विरघळत नाही. म्हणून खालचा चकचकीत धातू उघडा पडतो. मिठातले क्लोराइड आयन सुटलेल्या तांब्याच्या आयनांना धरून ठेवतात, त्यामुळे विरघळण्याचे काम लवकर होते. एकटे मीठ काही करत नाही आणि एकटे आम्ल सावकाश करते, हे मुलांनी स्वतः पाहिलेलेच असते.

पण मग तो काळा थर गेला कुठे? बहुतेक पुस्तकी प्रयोग इथे थांबतात. खरी गंमत इथून पुढे आहे.

विजेच्या जुन्या वायरीचे प्लास्टिक सोलून तांब्याच्या तारेचे तुकडे घ्यावेत. शिक्षकांनी ते चिमट्यात धरून आचेवर काळे करून द्यावेत. काचेच्या पेल्यात दोन-तीन लिंबांचा गाळलेला रस व चमचाभर मीठ घेऊन त्यात हे तुकडे रात्रभर ठेवावेत. सकाळी तारा उजळलेल्या असतात आणि रसाला हिरवट-निळसर छटा आलेली असते. तारा काढून टाकाव्यात. मग पॉलिश पेपरने घासून चकचकीत केलेला लोखंडी खिळा त्या रसात अर्धाच बुडेल असा ठेवावा. तासाभरात बुडलेल्या भागावर तांबूस थर चढू लागतो. तारेवरून निघालेले तांबे आता खिळ्यावर आले. त्या बदल्यात खिळ्यातले थोडे लोखंड रसात उतरले आहे, पण ते इतके थोडे की स्वयंपाकघरातल्या काट्यावर कळणार नाही.

माध्यमिक वर्गात विस्थापन अभिक्रिया शिकवताना मोरचुदाच्या द्रावणात खिळा बुडवण्याचा जो प्रयोग सांगितला जातो, तो हाच. शाळेत मोरचूद नसेल तर फळ्यावर समीकरण लिहून पुढे जाण्याची पद्धत पडली आहे, ती मला पटत नाही. लिंबाच्या रसातला प्रयोग हळू होतो, पण त्यात तांबे कुठून आले हे मुलाला ठाऊक असते. दुकानातून आलेल्या निळ्या खड्यांच्या बाबतीत ते ठाऊक नसते.

आता ताकाकडे वळू. तांबे आम्लातून हायड्रोजन बाहेर काढू शकत नाही, म्हणून सौम्य आम्लाने त्याला एकट्याने धक्का लागत नाही. हवेतला ऑक्सिजन सोबत असला की मात्र ते सावकाश विरघळते. ताकात लॅक्टिक आम्ल आहे, वर हवा आहे आणि ताक तासन्‌तास तसेच राहते. हे पडताळण्यासाठी उजळलेल्या तारेचे दोन तुकडे घ्यावेत. एक लिंबू-मिठाच्या रसाने काठोकाठ भरून बूच लावलेल्या बाटलीत ठेवावा आणि दुसरा पसरट वाटीत, अर्धा रसाबाहेर. दोन-तीन दिवसांत कोणता रस अधिक हिरवट होतो ते पाहावे. कळकलेल्या ताकात हीच तांब्याची संयुगे असतात. त्यांनी मळमळ व उलट्या होतात, तेव्हा घरातला नियम नुसत्या चवीपुरता नव्हता.

यावरचा जुना उपाय म्हणजे कल्हई. कल्हईवाला भांडे तापवून त्यावर नवसागर टाकतो. तापल्यावर नवसागरातून निघणारे हायड्रोजन क्लोराइड धातूवरचा ऑक्साइडाचा थर काढून टाकते. आपण लिंबू-मिठाने केले तेच काम, फक्त काही क्षणांत. मग स्वच्छ पितळेवर कथील फिरवतो. कथील २३२ अंश सेल्सियसला वितळते, त्यामुळे भांड्याला काही न होता ते कापसाच्या बोळ्याने पसरवता येते.

नाशिक जिल्ह्यातल्या शिक्षकांच्या हाताशी आणखी एक उदाहरण आहे. निफाड-दिंडोरी भागातल्या मुलांनी द्राक्षबागेत बोर्डो मिश्रण तयार होताना पाहिलेले असते. एक टक्का मिश्रणासाठी १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १०० लिटर पाणी घेतात. फ्रान्समधल्या बोर्डो भागात वाटेवरचे द्राक्षाचे वेल चोरांना नकोसे वाटावेत म्हणून त्यांवर मोरचूद आणि चुना शिंपडत असत. त्या वेलींवर केवडा रोग पडत नाही, हे मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आले आणि १८८५ मध्ये त्याने हे मिश्रण प्रसिद्ध केले. चुना कमी पडला तर मोकळे राहिलेले तांबे पाने जाळते. ते ओळखण्यासाठी शेतकरी चकचकीत विळा मिश्रणात थोडा वेळ बुडवून पाहतात. पात्यावर तांबूस थर दिसला की आणखी चुना घालायचा. चुन्यामुळे विरघळलेले तांबे अविद्राव्य रूपात जाते आणि मग लोखंडावर बसायला ते उरतच नाही. आपला खिळा आणि शेतकऱ्याचा विळा एकच काम करतात. ते मिश्रण बनवायला लोखंडी पिंप का चालत नाही, हे खिळा पाहिलेल्या मुलांना विचारून बघावे.

मोरचूद विषारी असल्याने शेतावरचे मोरचूद मुलांच्या हाती देऊ नये. लिंबाच्या रसातले तांबे थोडे असले तरी तो रस कुणी चाखू नये. स्वयंपाकात लागणारी भांडी प्रयोगासाठी घेऊ नयेत. नव्या शोभेच्या भांड्यांवर लाखेचा पारदर्शक लेप असतो आणि त्यांच्यावर थेंबांचा परिणाम दिसत नाही, म्हणून जुनेच ताम्हण निवडावे. आणि खिळ्यासोबत स्टीलचा एक चमचाही त्या रसात उभा करावा. स्टीलमध्येही लोखंडच असते, तरी त्यावर थर का चढत नाही, असा प्रश्न मुलांनी विचारला, तर पुढच्या तासाचा विषय मिळाला: स्टीलवर क्रोमियमच्या ऑक्साइडाचा एक अतिशय पातळ थर असतो. ताम्हणावरच्या थरासारखा तो लिंबाने निघत नाही.