शंभर वर्षं, शंभर ऑक्टेन

डिसेंबर १९२१ मध्ये अमेरिकेतल्या डेटन शहरात थॉमस मिज्ली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी चाचणीच्या इंजिनात शिशाचं एक संयुग किंचितसं मिसळलेलं इंधन सोडलं आणि इंजिनाची ठणठण थांबली. जुलै २०२१ मध्ये अल्जीरियात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री बंद झाली आणि जगातल्या मोटारींसाठी ते कायमचं संपलं. या दोन घटनांमध्ये जवळपास नेमकं एक शतक मावतं. वेगवान गाडी बाळगणारा प्रत्येक जण जो प्रश्न विचारतो, तो याच शतकात जन्मला, वाढला आणि बाटलीत भरून विकलाही गेला. जास्त ऑक्टेनचं पेट्रोल किंवा त्यात ओतायचं एखादं रसायन यामुळे स्पोर्ट्स कारचं इंजिन खरोखर जास्त जोर देतं का? शतकाची साक्ष काढली तर ‘हो’ आणि ‘नाही’ या दोन्ही उत्तरांना भक्कम पुरावे सापडतात. कुठलं उत्तर कुणाला लागू, हे मात्र दरवेळी इंजिनानं ठरवलं आहे, पेट्रोलनं नाही.

ठणठणीचं कारण असं. स्पार्क पडल्यावर ज्योत सिलिंडरभर पसरत जायला हवी. पण दाब आणि उष्णता फार वाढली, तर ज्योत पोचण्याआधीच कडेचं मिश्रण आपणहून भडकतं. दाबाच्या लाटा पिस्टनवर आणि भिंतींवर आदळतात. हेच नॉकिंग, ते चालू राहिलं तर पिस्टनला भोक पडायलाही वेळ लागत नाही. आता इंजिन बनवणाऱ्याची अडचण अशी की, मिश्रण जितकं जास्त दाबावं तितकं त्याच इंधनातून जास्त काम मिळतं. म्हणजे ताकदीची वाट आणि नॉकिंगची वाट एकच. इंजिनाच्या ताकदीला खीळ घालणारी गोष्ट पोलाद नसून इंधन आहे, हे त्याच सुमारास इंग्लंडमध्ये हॅरी रिकार्डोनं कॉम्प्रेशन बदलता येणारं इंजिन बांधून दाखवून दिलं होतं.

इंधनाची ही सोसण्याची क्षमता मोजायला ग्रॅहॅम एडगरनं १९२६ मध्ये पट्टी आखून दिली. सहजी न भडकणाऱ्या आयसो-ऑक्टेनला १००, लगेच भडकणाऱ्या हेप्टेनला ०. पंचाण्णव भाग पहिलं आणि पाच भाग दुसरं यांच्या मिश्रणासारखं जे पेट्रोल वागतं, ते ९५ ऑक्टेनचं. या व्याख्येत ऊर्जेचा उल्लेखच नाही, आणि पुढच्या सगळ्या गैरसमजांचं मूळ ते न वाचण्यात आहे. घराचं छत उंच केलं म्हणून राहणाऱ्याची उंची वाढत नाही. उंच माणसाला वाकावं लागत नाही, एवढंच. त्यात मोजण्याच्या पद्धतीही दोन निघाल्या. भारतात आणि युरोपात पंपावर ‘रिसर्च’ पद्धतीचा आकडा लिहितात, तर अमेरिकेत ‘रिसर्च’ आणि ‘मोटर’ या दोन्हींची सरासरी. त्यामुळे तिथलं ९१ म्हणजे आपल्याकडचं साधारण ९५-९६. अमेरिकन गाड्यांविषयी वाचून इथे आकडे जुळवणाऱ्यांची फसगत इथेच होते.

शिशाचं पेट्रोल फेब्रुवारी १९२३ मध्ये ‘एथिल’ नावानं डेटनमध्येच विकायला आलं. त्याच वर्षीच्या इंडियानापोलिस ५०० शर्यतीतले पहिले तिघे तेच वापरत होते, आणि जाहिरातीला याहून जास्त काय हवं? पुढच्याच वर्षी न्यू जर्सीतल्या बेवे रिफायनरीत हे संयुग बनवणारे पाच कामगार विषबाधेनं भ्रमिष्ट होऊन दगावले. विक्री काही काळ थांबली, चौकशी झाली आणि १९२६ मध्ये पुन्हा सुरू झाली. पेट्रोलमध्ये थोडंसं मिसळल्यानं इंजिनाचं भलं करणारं पहिलं मोठं रसायन हेच. ते खरोखर काम करत होतं, आणि त्याची किंमत श्वासातून वसूल होत होती.

चढ्या ऑक्टेनचा सर्वात लख्ख पुरावा मोटारीत नाही, विमानात सापडतो. १९४० मध्ये ब्रिटिश लढाऊ विमानांना ८७ ऐवजी १०० ऑक्टेनचं इंधन मिळू लागलं. त्यामुळे त्यांच्या मर्लिन इंजिनाच्या सुपरचार्जरचा दाब सहा पौंडांवरून बारा पौंडांपर्यंत चढवता आला आणि कमी उंचीवर ताकद साधारण हजार अश्वशक्तीवरून तेराशेच्या पुढे गेली. पण नीट पाहिलं तर ही वाढ इंधनानं दिलेली नव्हती. इंधनानं मोकळीक दिली, ताकद वाढीव दाबानं दिली. दाब जुनाच ठेवला असता, तर नव्या इंधनानं वैमानिकाला फारसं काहीच दिलं नसतं.

शर्यतीच्या मैदानावर हे गणित आधीपासून ठाऊक होतं. १९३७ ची मर्सिडीज डब्ल्यू१२५ प्रामुख्यानं अल्कोहोल आणि बेंझॉल यांच्या मिश्रणावर धावायची. तिच्या टाकीत पेट्रोल नावापुरतंच असे. १९५८ पासून फॉर्म्युला वनमध्ये विमानाचं पेट्रोल सक्तीचं झालं आणि अशी काढ्यांची चैन संपली. पुढे टर्बो आले, तशी ती नियमांच्या फटीतून परतली. १९८८ च्या मोसमासाठीच्या होंडाच्या दीड लिटर इंजिनाच्या इंधनात ८४ टक्के टोल्युइन आणि १६ टक्के हेप्टेन होतं. ऑक्टेन होतं १०२ च्या मर्यादेच्या आत, आणि टर्बोचा दाबही नियमाच्या काठापर्यंत नेलेला.

रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारसाठी सर्वात बोलका दाखला उलट्या दिशेनं आला. १९७० च्या शेव्हरोले कॉर्व्हेटमधलं एलटी-१ इंजिन ११:१ कॉम्प्रेशनवर ३७० अश्वशक्ती द्यायचं. शिसं जाणार हे दिसू लागलं, तेव्हा कमी ऑक्टेनच्या पेट्रोलवर चालावीत म्हणून जनरल मोटर्सनं आपल्या इंजिनांचं कॉम्प्रेशन उतरवलं. १९७१ मध्ये तेच ५.७ लिटरचं इंजिन ९:१ कॉम्प्रेशनवर ३३० अश्वशक्तीवर आलं. चाळीस अश्व गेले ते पेट्रोल बदललं म्हणून नव्हे, तर त्या पेट्रोलला झेपावं म्हणून इंजिन बदललं म्हणून. ज्यानं हे उतरवलेलं इंजिन घेतलं आणि हौसेनं त्यात महागडं पेट्रोल भरलं, त्याला ते चाळीस परत मिळाले नाहीत.

शिसं गेलं आणि बाटल्यांचं युग बहरलं. शिशाचा थर व्हॉल्व्हच्या बैठकीला जपत असे. तो नाहीसा झाल्यावर मऊ बैठकीच्या जुन्या इंजिनांमध्ये त्या झिजण्याची खरी भीती होती. ब्रिटनमध्ये १९९९ अखेर शिसेयुक्त पेट्रोलची सर्वसाधारण विक्री थांबली, तेव्हा जुन्या एमजी आणि ट्रायम्फ गाड्या जपणाऱ्यांनी पोटॅशियम, फॉस्फरस किंवा मँगनीज असलेली पर्यायी रसायनं वापरली, नाहीतर कठीण धातूच्या बैठकी बसवून घेतल्या. इथे रसायनाला काम होतं, कारण आजार होता. भारतात २००० साली शिसं देशभरातून गेलं. त्याआधी १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या नव्या गाड्यांसाठी शिसेविरहित पेट्रोल मिळू लागलं होतं.

सरसकट सगळ्यांना विकली जाणारी ऑक्टेन वाढवणारी बाटली हा वेगळाच मामला. तिच्यावर छापलेले तीस ‘पॉइंट’ म्हणजे बहुधा तीस ऑक्टेन नव्हे, तर तीनच. कारण या धंद्यात एक पॉइंट म्हणजे एक दशांश ऑक्टेन. शिवाय मँगनीज किंवा लोखंडाचं संयुग असलेल्या बाटल्या प्लगवर थर चढवतात. त्यामानानं साफसफाईची रसायनं प्रामाणिक निघाली. इंजेक्टरवर आणि व्हॉल्व्हवर काजळी धरली की इंजिनाचा मूळचा जोर घटतो. डिटर्जंट तो घटलेला भाग परत आणतो, वर काही चढवत नाही. हल्लीच्या बऱ्याच स्पोर्ट्स कारमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं. अशा इंजिनात ते इनटेक व्हॉल्व्हला शिवतच नाही, त्यामुळे तिथली काजळी टाकीत ओतलेल्या कुठल्याही बाटलीला बधत नाही.

ऐंशीच्या दशकात साबनं टर्बो इंजिनावर नॉकिंग ऐकणारा सेन्सर बसवला आणि ‘हो की नाही’ हा प्रश्न गाडी स्वतःच सोडवू लागली. नॉकिंग जाणवलं की आजचा संगणक स्पार्कचं टायमिंग मागे घेतो. पेट्रोल सोसत असेल तर पुढे नेतो, पण कारखान्यानं आखलेल्या मर्यादेपर्यंतच. म्हणून ज्या गाडीला चढं पेट्रोल लागतं, तिला साधं दिलं तर ती निमूटपणे जोर कमी करते. साध्यावर आखलेल्या गाडीला चढं दिलं तर तिच्याजवळ पुढे जायला जागाच नसते. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशननं २०१६ मध्ये चाचण्या घेऊन हेच सांगितलं: साध्या पेट्रोलवर चालणाऱ्या गाड्यांना महागड्या पेट्रोलचा लक्षणीय फायदा नाही. २०१८ च्या डॉज चॅलेंजर डीमननं दुसरी बाजू दाखवली. पंपावरच्या प्रीमियम पेट्रोलवर ८०८ अश्वशक्ती आणि १०० किंवा त्याहून चढ्या ऑक्टेनवर ८४०. पण त्यासाठी वेगळा इंजिन-संगणक बसवून बटण दाबावं लागे. नुसती टाकी भरून ते बत्तीस अश्व मिळत नव्हते.

आपल्याकडे साध्या पेट्रोलचा किमान आकडा बरीच वर्षं ९१ राहिला. डिसेंबर २०२० मध्ये इंडियन ऑइलनं १०० ऑक्टेनचं एक्सपी १०० मुंबई-पुण्यासह दहा शहरांत आणलं. दिल्लीत तेव्हा त्याचा लिटरचा भाव १६० रुपये होता, साध्याच्या जवळपास दुप्पट. १३.३:१ कॉम्प्रेशनच्या पोर्शे ९११ जीटी३ च्या मालकानं ते भरणं ही उधळपट्टी नाही, त्या इंजिनाला चढं ऑक्टेन लागतंच. हॅचबॅकमध्ये ते भरणाऱ्याला फक्त पावती मोठी मिळते.

आणि शतक पुरं होता होता ऑक्टेन वाढवायचं काम अल्कोहोलकडे आलं आहे. नॉकिंगवर तो उपाय आहे हे मिज्लीलाही माहीत होतं. निवड शिशाची झाली. आज देशाच्या पेट्रोलमधलं इथेनॉलचं प्रमाण वीस टक्क्यांपर्यंत पोचलं आहे, आणि त्यातलं काही महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांमधून निघतं. इथेनॉलचं ऑक्टेन शंभराच्या वर, मात्र लिटरमागची ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशानं कमी. म्हणजे एकाच द्रवानं आकडा चढतो आणि मायलेज उतरतं. ऑक्टेन आणि ऊर्जा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याची रोकडी साक्ष आज प्रत्येक पंपावर मिळते. २००७ मध्ये स्वीडनच्या कोनिगसेगनं ८५ टक्के इथेनॉलसाठी सीसीएक्सआर बांधली. टर्बो नसलेल्या तिच्या इंजिनाच्या सुपरचार्जरचा दाब वाढवला, इंधनपुरवठा मोठा केला, आणि पेट्रोलवरच्या सीसीएक्सची ८०६ अश्वशक्ती १,०१८ झाली. तेच इंधन त्यासाठी न आखलेल्या गाडीत घातलं, तर फायदा सोडाच, गाडी धड चालणंही कठीण. तेव्हा इंधनाच्या झाकणाच्या आत जो आकडा छापलेला असतो, तो पाळावा. त्याच्या खाली गेलात तर इंजिन भरपाई घेतं, वर गेलात तर पंपवाला.