निवळ पाण्यातला युरिया

२०२४ च्या डिसेंबरात आमची चिंगी शेळी मेली. ती माझ्या हातून मेली. कशी ते लिहिते, कारण विज्ञानातला मिश्रणांचा धडा मला त्यामुळेच समजला.

आमचा हरभरा फुलोऱ्यात होता. काकांनी फवारणीसाठी ३०० ग्रॅम युरिया बादलीत विरघळवला. तो १५ लिटरच्या पंपात ओतून वर पाणी भरायचं होतं. तेवढ्यात कुणी हाक मारली म्हणून काका बादली गोठ्यात ठेवून गेले. मी शाळेतून आले. बादलीत पाणी निवळ. हात लावला तर माठातल्यासारखं गार. वाटलं, आईने आत्ताच भरलंय. मी बादली चिंगीपुढं सरकवली. ती तहानलेली होती, घटाघटा प्याली.

थोड्याच वेळात तिचं अंग थरथरू लागलं, पोट फुगलं, तोंडाला फेस आला. जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी गार पाण्यातून व्हिनेगर पाजलं, पण उशीर झाला होता. शेळीच्या पोटात युरियाचा अमोनिया होतो आणि तो रक्तात भिनतो, असं त्यांनी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी गुरुजींना म्हटलं, "गुरुजी, पाणी तर स्वच्छ होतं!" गुरुजींनी पाण्याचे तीन पेले मांडले. एकात माती, दुसऱ्यात दुधाचे दोन थेंब, तिसऱ्यात मीठ ढवळलं. माती हळूहळू तळाशी बसली. हे निलंबन. दूध काही बसेना. मग गुरुजींनी वर्गात अंधार करून बाजूने टॉर्च मारली. दुधाच्या पाण्यात उजेडाचा पट्टा स्पष्ट दिसला. हे कलिल. मिठाच्या पाण्यात पट्टा दिसलाच नाही. हे द्रावण.

द्रावणात मीठ हे द्राव्य आणि पाणी हे द्रावक. द्राव्याचे कण इतके बारीक होतात की फडकंच काय, गाळणकागदही त्यांना अडवत नाही. वरचा घोट आणि तळचा घोट सारखाच खारट, म्हणून हे समांगी मिश्रण. आम्ही ते पाणी ताटलीत उन्हात ठेवलं. पाणी उडून गेलं आणि मीठ परत मिळालं!

विरघळण्यालाही मर्यादा असते. १०० मिलिलिटर पाण्यात मीठ सुमारे ३६ ग्रॅम विरघळतं. पुढं घातलेलं तळाशी राहतं, कारण द्रावण संपृक्त झालेलं असतं. युरिया मात्र तेवढ्याच पाण्यात १०० ग्रॅमच्याही वर मावतो. मग आमच्या बादलीत दाणा कुठून दिसणार? आणि युरिया विरघळताना पाण्यातली उष्णता घेतो, म्हणून पाणी गार पडतं. मला जे ताजं पाणी वाटलं, ते असं गार झालं होतं. (वाटीत थोडा युरिया घेऊन हे बघता येईल, पण मोठ्या माणसांसमोरच. चाखायचं अजिबात नाही. नंतर हात धुवा.)

काकांनी आता फवारणीच्या बादलीला लाल रंग दिलाय. काम झालं की ती धुऊन वरच्या खुंटीला टांगतात. चिंगीच्या करडाला मी बाटलीने दूध पाजते.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी